परदेशात मुलांबरोबर काम करायला निघताय? निरोप कुणाचा, कधी आणि कोणत्या क्रमाने घ्यायचा

माझ्या ओळखीतली सहा-सात मंडळी व्हॉलंटियर म्हणून बाहेर गेली, कुणी नेपाळला, कुणी आफ्रिकेत, आणि जवळपास सगळ्यांचं एकच चुकलं. विमा, इंजेक्शनं, बॅगेचं वजन सगळं दोन महिने आधीपासून चोख, आणि निरोप मात्र शेवटच्या चार दिवसांत कसाबसा उरकलेला. मग तिकडे पोचल्यावर पहिला महिना घरचे फोनवर रुसलेले, आजी बोलायलाच येत नाही, आणि इथे ज्या वस्तीत शनिवारचा वर्ग घ्यायचो तिथली मुलं नव्या ताईला विचारतायत की आधीची ताई कुठे गेली. मी स्वतः पश्चिम केनियातल्या एका शाळेत ११ महिने होते, भांडुपच्या घरातून निघाले होते, त्यामुळे हे सगळं मीही भोगलंय. खाली जो क्रम देतेय तो साधारण आठ आठवड्यांचा आहे. तुमच्याकडे कमी वेळ असेल तर टप्पे लहान करा पण क्रम उलटा करू नका, बहुतेक घोळ क्रमामुळेच होतात.

टप्पा १: आधी स्वतःला नीट माहीत असू दे (८ आठवडे आधी)

एक कागद घ्या आणि त्यावर लिहा: देश, गाव, काम काय, किती वयाची मुलं, किती महिने, राहायची सोय कुठे, खर्च कोण करणार, आणि अडचण आली तर तिथे कुणाला फोन करायचा. एवढी आठ उत्तरं नसतील तर अजून कुणालाच काही सांगू नका. कारण तुम्ही अडखळलात की समोरच्याला वाटतं हे अजून पक्कं नाही, आणि मग प्रत्येक जण तुम्हाला थांबवायला बघतो, त्यात त्यांचा दोष नसतो.

एक प्रश्न सगळेच विचारणार, "अनाथाश्रमात जाणार का?" याचं उत्तर आधी स्वतःला द्या. थोड्या आठवड्यांसाठी अनाथाश्रमात येऊन मुलांना लळा लावून निघून जाणारे व्हॉलंटियर मुलांचं नुकसान करतात, हे आता जगभर मान्य झालंय. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने मुलांच्या हक्कांवर जो ठराव केला त्यातही याबद्दल काळजी आहे. केनियाने तर २०१७ मध्येच नवीन बालगृहांची नोंदणी थांबवली, कारण तिथल्या बऱ्याच मुलांना आईवडील किंवा नातेवाईक असतातच, मुलं गरिबीमुळे संस्थेत येतात. तुमचं काम शाळेत, दवाखान्यात, तिथल्या शिक्षकांना मदत करायचं असेल तर उत्तमच. तीन आठवडे बालगृहात राहून "मुलांना प्रेम द्यायला" जात असाल तर इथेच थांबून पुन्हा विचार करा, मी हे मनापासून सांगतेय.

तपासा: व्हॉलंटियर कामासाठी लागणारी परवानगी वेगळी असते, टुरिस्ट म्हणून आत जाऊन काम करायचं नाही. संस्था म्हणाली "चालतं हो" तरी नाही.

टप्पा २: घरी सांगणं (७ आठवडे आधी)

पहिली चूक इथे होते. लोक आधी पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटचा, म्हणजे आपल्यावर गुन्हा नाही अशा दाखल्याचा, अर्ज करतात, कारण मुलांबरोबर काम करायचं म्हटलं की कुठलीही बरी संस्था ते मागतेच, आणि मागायलाच पाहिजे. अर्ज पासपोर्ट सेवाच्या वेबसाइटवर होतो, मग केंद्रावर जायचं, मालाड, अंधेरी, लोअर परळ जे जवळ असेल ते. पण पोलीस पडताळणी निघाली आणि हवालदार घरी आला, दार आईने उघडलं, आणि तिला तिथे पहिल्यांदा कळलं की लेक परदेशी चाललीय, तर पुढचे सात आठवडे ती गोष्ट निघत राहणार. शेजारच्या काकू पण दारात येणार ते वेगळंच. म्हणून घरी आधी, अर्ज नंतर.

घरात कुणाला आधी? ज्याला सगळ्यात जास्त लागणार त्याला. बऱ्याचदा आपण सोप्या माणसापासून सुरुवात करतो, बहीण, चुलतभाऊ, आणि मग ते आईपर्यंत दुसऱ्याच तोंडून पोचतं. एकेकाला बसून सांगा, जेवताना टीव्ही चालू असताना नको.

महिन्यांचा आकडा खरा सांगा. "सहाच महिने गं" म्हणून निघायचं आणि तिकडून वाढवून घ्यायचं, असं करू नका. मी माझ्या आजीला "वर्षाच्या आत" असं सांगितलं होतं, तिने त्याचा अर्थ दिवाळीपर्यंत असा घेतला, कारण तिच्या हिशोबात वर्ष म्हणजे दिवाळी ते दिवाळी. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते की घरातल्या मोठ्या माणसांना तारखा सांगू नका, सण सांगा. भिंतीवरचं कॅलेंडर काढा, पेन घ्या आणि खुणा करा: हे गणपती मी नसेन, ही दिवाळी नसेन, पुढच्या पाडव्याला असेन. वाईट वाटतं, पण एकदाच वाटतं.

सावध राहा: पहिल्या दिवशी "हो" मिळवायला जाऊ नका. सांगा आणि दोन दिवस सोडून द्या. त्या दोन दिवसांत विषय तुम्ही काढायचा नाही.

टप्पा ३: जे बोलणं सगळे टाळतात ते (६ आठवडे आधी)

घरात कुणी म्हातारं किंवा आजारी असेल तर हे बोलणं पाहिजेच. मी तिकडे असताना कुणी सिरियस झालं तर मला लगेच सांगायचं की नाही? कोण सांगणार? आणि गेलंच कुणी, तर माझ्यासाठी थांबायचं की नाही?

मी केनियात असताना माझी आत्या दोन आठवडे हॉस्पिटलमध्ये होती, घरच्यांनी मला ती घरी आल्यावर सांगितलं. "तुला तिकडे टेन्शन नको." त्यांचं प्रेमच होतं ते, पण त्यानंतर मी प्रत्येक फोनला आवाजावरून अंदाज बांधत बसायचे की आज काय लपवतायत. त्यामुळे नियम आधी ठरवा. आमचा नंतर असा ठरला: कुणी अॅडमिट झालं की त्याच दिवशी मेसेज, आणि तो फक्त दादा करणार, बाकी कुणी नाही.

दुसरा भाग अजून जड आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा त्याच दिवशी अंत्यसंस्कार होतात. नैरोबीहून मुंबईचं थेट विमान साधारण सहा तासांचं असलं तरी आधी तुम्ही तुमच्या गावातून नैरोबीला पोचणार, तिकीट मिळणार, म्हणजे त्याच दिवशी पोचणं जवळपास अशक्य. घरच्यांना स्पष्ट सांगून ठेवा, "माझ्यासाठी थांबू नका, मी दहाव्या-तेराव्यापर्यंत येईन." हे तुम्ही नाही सांगितलंत तर तो निर्णय त्या क्षणी कुणाला तरी घ्यावा लागतो आणि मग तो माणूस वर्षानुवर्षं ते ओझं वागवतो.

यासाठी दोन गोष्टी तयार ठेवा. एक, परतीच्या एका तिकिटाचे पैसे वेगळे, त्याला हात लावायचा नाही. दोन, यलो फिव्हरच्या लसीचं कार्ड. केनिया, युगांडासारख्या देशांतून भारतात येताना हे लागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात, म्हणजे विचार करा, मुंबईत उतरलात आणि घरी जाता येत नाही. लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते, घेतल्यापासून १० दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं, आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. अंड्याची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

तपासा: कार्ड ओरिजिनल हवं, मोबाइलमधला फोटो पुरत नाही. पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवा.

टप्पा ४: इथल्या मुलांचा निरोप (शेवटचे ४ शनिवार)

बाहेर मुलांबरोबर काम करायला जाणारे बहुतेक जण इथेही कुठेतरी मुलांबरोबर काम करत असतात, बालवाडी, वस्तीतला वर्ग, महापालिकेच्या शाळेत वाचनाचा तास. आणि नेमका याच मुलांचा निरोप सगळ्यात वाईट घेतला जातो. एक तर शेवटच्या दिवशी केक कापून, किंवा काहीच न सांगता. माझा वर्ग गोवंडीला होता, शनिवारी दुपारी, बावीस मुलं, वयं सहा ते अकरा. खालचा क्रम तिथे करून बघितलेला आहे.

पहिला शनिवार. तुमच्या जागी जी ताई किंवा दादा येणार तिला घेऊन जा. ती फक्त बसणार, मुलांची नावं शिकणार. अजून काही सांगायचं नाही. जागेवर येणारं कुणी ठरलंच नसेल तर आधी ते ठरवा, त्याशिवाय मुलांना सांगायला तुमच्याकडे अर्धीच गोष्ट आहे.

दुसरा शनिवार. आज सांगायचं, आणि वर्गाच्या सुरुवातीला सांगायचं. शेवटी सांगितलं तर मुलं तो प्रश्न पोटात घेऊन घरी जातात. वाक्यं साधी ठेवा: "मी अजून दोन शनिवार येणार आहे. मग मी केनिया नावाच्या देशात जाणार, तिथल्या शाळेत शिकवायला. वर्ग बंद होणार नाही. ही ताई घेणार, याच खोलीत, याच वेळेला." फळ्यावर गोल काढा, उरलेल्या शनिवारांचे, आणि दर वेळी एक खोडायला मुलांनाच द्या. जगाचा नकाशा असेल तर दाखवा, आपल्या समुद्राच्या पलीकडच्या काठाला आफ्रिका आहे हे मुलांना फार आवडतं. माझ्या वर्गात लगेच प्रश्न आला की गेटवेवरून लाँच जाते का तिकडे.

प्रश्न येऊ द्या, घाई करू नका. दोन प्रश्न जवळपास हमखास येतात. एक, "आम्ही मस्ती करतो म्हणून चाललीस का?" याला ताबडतोब आणि ठाम उत्तर द्या, नाही, तुमच्यामुळे नाही, हे मी तुम्हाला भेटायच्या आधीपासून ठरवत होते किंवा जे खरं असेल ते. दुसरा जास्त अवघड, "तिकडची मुलं आमच्यापेक्षा हुशार आहेत का?" म्हणजे त्याला विचारायचं असतं की आम्हाला सोडून त्यांच्याकडे का. मी म्हणाले, "नाही, तुमच्यासारखीच आहेत, त्यांना पण वाचायला शिकायचंय, आणि तुम्हाला शिकवून मला शिकवायचं कसं ते कळलं." हे खरं होतं म्हणून सांगता आलं.

आणि एक मुलगा होता, नऊ वर्षांचा, त्याने काहीच विचारलं नाही, शेवटी फक्त म्हणाला, "खोलीची चावी कुणाकडे राहणार?" तेव्हा मला कळलं की मुलांना माझ्यापेक्षा वर्गाची काळजी होती, शनिवारी दार उघडणार ना. चावी मी तिथल्या तिथे, त्याच्यासमोर, नव्या ताईच्या हातात दिली. तुम्हीही अशी एखादी वस्तू मुलांसमोर द्या, हजेरीची वही, डस्टर, काहीही.

सावध राहा: आपण घरातून निघताना "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतो, ती सवय जिभेवर असते. मुलांसमोर ती सोडा. सहा वर्षांच्या मुलीला "येते हं" म्हणालात तर ती पुढच्या शनिवारी वाट बघत बसते. "मी आता येणार नाही, ही ताई येणार" हे वाक्य तोंडातून निघायला जड आहे, घरी चार वेळा म्हणून बघा.

तिसरा शनिवार. नवी ताई शिकवणार, तुम्ही मागे बसणार. मुलं वळून वळून तुमच्याकडे बघतील, त्यांना ताईकडे बोट दाखवा. याच दिवशी वर्ग सुटल्यावर आयांशी दहा मिनिटं बोला, कारण घरी मूल काहीतरी वेगळंच सांगत असतं. गैरहजर किती ते मोजा. जी मुलं नव्हती त्यांच्यापर्यंत निरोप पोचवा, वस्तीतली मुलं मध्येच गावाला जातात आणि परत येतात तेव्हा माणूसच गायब असतो.

चौथा शनिवार. पाऊण तास नेहमीचा वर्ग, मग वीस मिनिटं निरोप. उलटं नको. प्रत्येकाच्या वहीत एकेक ओळ लिहा, पण ती त्याचीच असली पाहिजे: "तू जूनमध्ये जोडाक्षरं वाचत नव्हतास, आता गोष्ट वाचतोस." बावीस ओळी लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या, आदल्या आठवड्यातच लिहून ठेवा.

काय करायचं नाही ते पण सांगते. महागडी भेट द्यायची नाही, द्यायचीच तर सगळ्यांना सारखी पेन्सिल. स्वतःचा नंबर मुलांना द्यायचा नाही. "पुढच्या वर्षी नक्की" असलं वचन नाही. मुलांचे रडतानाचे फोटो काढायचे नाहीत आणि वर्गाचे फोटो वस्तीच्या नावासकट टाकायचे तर मुळीच नाहीत. आणि जे मूल जवळ येणार नाही, बोलणार नाही, त्याला ओढून मिठी मारायची नाही, त्याची तीच पद्धत आहे.

टप्पा ५: बाकीची मंडळी (३ आठवडे आधी)

इथे फार वेळ घालवू नका. ऑफिस, बिल्डिंग, लोकलमधल्या मैत्रिणी, क्लासमधले लोक. लोकलच्या ग्रुपला दोन दिवस आधी डब्यातच सांगितलं तरी पुरतं, त्या घाटकोपर यायच्या आत तुमचं डोहाळजेवण असल्यासारखा खाऊ जमा करतील. घरी कामाला येणाऱ्या मावशींना मात्र विसरू नका, त्या तुम्हाला लहानपणापासून बघत असतात आणि त्यांना आठ दिवसांनी रिकामी खोली झाडताना कळतं, हे बरोबर नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यात शेवटी. एकदा ग्रुपवर पडलं की ते तुमच्या हातात राहत नाही.

टप्पा ६: कागद आणि चाव्या (२ आठवडे आधी)

एक फाइल, एक माणूस. त्यात पासपोर्टची झेरॉक्स, विम्याचा कागद, संस्थेचा पत्ता, तिथल्या माणसाचा नंबर, पॉलिसीच्या हप्त्यांच्या तारखा. फाइल नुसती कपाटात ठेवू नका, त्या माणसाला शेजारी बसवून एकेक कागद दाखवा. तुमचा इथला मोबाइल नंबर चालू राहिला पाहिजे कारण बँकेचे ओटीपी त्यावरच येतात, प्रीपेड असेल तर रिचार्ज कोण करणार ते नाव ठरवा.

टप्पा ७: शेवटचा आठवडा

जेवणाची आमंत्रणं या आठवड्यात घेऊ नका. मामा, मावशी, ठाण्याचे काका, सगळ्यांकडे दोन-तीन आठवडे आधी जाऊन या, नाहीतर शेवटच्या सात संध्याकाळी तुम्ही ट्रॅफिकमध्ये आणि आई घरी एकटी. शेवटचे तीन दिवस फक्त घर. काही खास करायचं नाही, भाजी निवडा, आजीच्या पायाला तेल लावा.

खाऊबद्दल. प्रत्येक घरातून चिवडा, लाडू, लोणचं येणार, लालबागचा चिवडा तर दोन-दोन किलो. नाही म्हणू नका, पण घ्यायच्या आधी सांगा: डब्यात द्या, पिशवीत नको. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरी बॅगवर बंदी आहे, टांझानिया आणि रवांडातही आहे, सामान पिशव्यांत बांधून नेलंत तर तिकडे उतरल्यावर अडचण. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत, तेलामुळे पेट घ्यायचा धोका धरतात, त्यामुळे ओटीतलं खोबरं आईकडेच ठेवा. जे नेता येणार नाही त्याचा फोटो काढून ज्याने दिलं त्याला "घरच्यांनी खाल्लं, मस्त होतं" असं खरं खरं कळवा.

टप्पा ८: निघायचा दिवस

निरोप घरीच पुरा करा. देवाला नमस्कार, मोठ्यांच्या पाया पडणं, हातावर दही-साखर, आणि त्याला पुरेसा वेळ, निदान अर्धा तास. कारण मुंबई विमानतळाच्या टर्मिनल २ वर तिकीट नसलेल्यांना आत सोडत नाहीत, सीआयएसएफचे जवान दारातच पासपोर्ट आणि तिकीट बघतात, आणि डिपार्चरच्या रस्त्यावर गाडी फार वेळ उभी करू देत नाहीत. दोन गाड्या भरून चौदा माणसं नेलीत तर होतं असं की अर्धे पार्किंगमध्ये, काकांचा फोन लागत नाही, बॅगा उतरवायची घाई, मागून हॉर्न, आणि ज्या माणसाला नीट भेटायचं होतं त्याला नुसता हात हलवलेला. माझ्या वेळी बाबा गाडी पुढे न्यायला गेले आणि मी आत गेल्यावर परत आले. आम्ही काचेतून एकमेकांना बघितलं. हे अजूनही डोळ्यासमोर येतं.

म्हणून विमानतळावर दोन माणसं, जास्तीत जास्त तीन. घरातून असं निघा की विमानाच्या तीन तास आधी पोचाल, आणि वेस्टर्न एक्सप्रेसवर अडकायचा एक तास वेगळा धरा. कुणाला आधी भेटायचं, गाडी कोण सांभाळणार हे घरातून निघतानाच ठरवा.

तपासा: इमिग्रेशन झालं की एक फोन, एकच, आणि तो आईला.

टप्पा ९: पोचल्यावर पहिले पंधरा दिवस

फोनची वेळ निघायच्या आधीच ठरवलेली असू दे. केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, म्हणजे तिकडे काम संपवून, जेवून साडेसातला निवांत फोन केलात तर इथे दहा वाजलेले असतात आणि आजी झोपलेली. तिकडच्या पाचला केलात तर इथे साडेसात, सगळे घरात. रोज फोनचं वचन देऊ नका, वीज आणि नेटवर्क तुमच्या हातात नसतं आणि एक दिवस चुकला की घरी रात्रभर जाग. आठवड्यातून तीन दिवस ठरवा, मधल्या दिवशी जमलं तर जास्तीचा.

आणि गोवंडीच्या वर्गासाठी मी एकच गोष्ट केली. तिकडे पोचल्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी नव्या ताईच्या फोनवर एक मिनिटाचा आवाजी मेसेज पाठवला: मी पोचले, इथल्या शाळेत एका वर्गात पन्नास मुलं आहेत, निरोप घेताना ही मुलं "क्वाहेरी" म्हणतात, तुम्ही म्हणून बघा. ताईने तो वर्गाच्या सुरुवातीला ऐकवला, सगळ्यांनी ओरडून क्वाहेरी म्हटलं आणि मग तिने पाढे घेतले. त्यानंतर मी वर्गाला मेसेज केले नाहीत. ताईला करायचे, मुलांना नाही.